बॉर्डरलाइन आणि मेंदूचा फोटो: पार्श्वभूमी

"घटकेत गळ्यात पडते, घटकेत तोंड बघत नाही. डॉक्टर, एकदा मेंदूचा फोटो काढून बघूया की." कोल्हापुरात मानसोपचाराच्या ओपीडीत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्वाचा आजार), असं निदान ऐकल्यावर घरच्यांचं पुढचं वाक्य साधारण असंच असतं. त्यात चुकीचं काही नाही. संशोधकांनाही तेच बघायचं होतं, फक्त त्यांना मशिन उशिरा मिळालं.

१९३८ साली अमेरिकन मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी न्यूरोसिसमध्ये (चिंता-भीतीचे, पण वास्तवाचं भान शाबूत असणारे आजार) बसेनात आणि सायकोसिसमध्येही (वास्तवाचं भान सुटणारे आजार) बसेनात अशा रुग्णांना 'बॉर्डरलाइन' म्हटलं. १९८० मध्ये डीएसएम-३ ने, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने, त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. मेंदूकडे मात्र फारसं कुणी पाहत नव्हतं. दोष एकतर स्वभावाचा, नाहीतर आईबापांचा.

२००० साली जर्मनीतल्या ड्रीसेन यांच्या गटाने बीपीडी असलेल्या २१ आणि निरोगी २१ स्त्रियांचे एमआरआय ताडून पाहिले. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस रुग्णांमध्ये सुमारे १६ टक्के लहान भरला, आणि भीती-संतापाची वर्दी देणारा अमिग्डला ८ टक्के. पुढच्याच वर्षी हेर्पर्ट्झ यांनी फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, रुग्णांना क्लेशदायक चित्रं दाखवली. दोन्ही बाजूंचा अमिग्डला जास्त पेटला. रुग्ण होत्या अवघ्या सहा! तरी 'बीपीडीचा अमिग्डला' हे समीकरण पक्कं झालं ते तेव्हापासून.

गोची अशी की हिप्पोकॅम्पस पीटीएसडीत (मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या आजारात) आणि दीर्घ नैराश्यातही लहान आढळतो, आणि बीपीडीच्या बऱ्याच रुग्णांचं बालपण मारहाणीत किंवा अत्याचारात गेलेलं असतं. मग हा ठसा आजाराचा की त्या बालपणाचा? शिवाय हे सगळे आकडे गटांच्या सरासरीचे. एकट्या मुलीच्या फिल्मवरून बीपीडी आहे की नाही, हे कोल्हापुरात काय, अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्येही सांगता येत नाही. एमआरआय लिहून दिलाच तर तो गाठ, मार किंवा फिट्सचं कारण शोधायला.

ह्यूस्टनचं नाव उगाच घेतलं नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग तिथलाच, २००८ चा. खेळ पैशांचा, दहा फेऱ्यांचा. एकाने रक्कम द्यायची, ती तिप्पट होणार, आणि दुसऱ्याने त्यातलं किती परत करायचं ते ठरवायचं. समोरच्याने हात आखडता घेतला की निरोगी माणूस जरा जास्त परत करून त्याची मर्जी राखतो. बीपीडीचे रुग्ण हे फारसं करत नव्हते, आणि खेळ तुटत जायचा. निरोगी माणसाच्या मेंदूतला इन्शुला हा भाग समोरून तुटपुंजी रक्कम आली की हलतो. रुग्णांचा स्वतः कमी परत करताना हलत होता, पण कमी मिळताना नाही. म्हणजे रुसवा कुठे सुरू झाला, याची खूणच त्यांना मिळत नव्हती.

उपचाराची बाजू तोवर पुढे गेली होती. मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीची (बीपीडीसाठी आखलेल्या, भावना सांभाळायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची) पहिली चाचणी १९९१ ची. २०१४ मध्ये गुडमन यांच्या छोट्या अभ्यासात वर्षभर ही थेरपी घेतलेल्या रुग्णांचा अमिग्डला आधीपेक्षा शांत दिसला.