शस्त्र बाळगण्याचा हक्क (भारत)

भारतात बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. त्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना घ्यावा लागतो. तो जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. अमेरिकेत हा हक्क १७९१ पासून संविधानात आहे, त्यामुळे तिथे त्याला मर्यादा किती घालायची यावर वाद चालतो. आपल्याकडे खरा प्रश्न परवाना कोणाच्या पदरात पडतो, हा आहे.

या प्रश्नाचे मूळ १८७८ च्या शस्त्र कायद्यात सापडते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने भारतीय माणसावर परवान्याची सक्ती आली आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना त्यातून सूट मिळाली. बंदूक हाती नसण्यापेक्षा हा पंक्तिप्रपंच लोकांना अधिक झोंबला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य ठरेल, असे लिहिले. १९३० साली व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणासाठी परवाने देण्याची मागणी होती. काँग्रेसच्या १९३१ च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आला.

डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी संविधान सभेत हाच हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचवली. उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मान्य केले की परकी सत्तेखाली ही मागणी रास्त होती. पण कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअडथळा विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अनुच्छेद १९ मध्ये उरला तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना, बाजार खुला झाला असता तर पहिली बंदूक कोणाच्या माडीवर गेली असती, हे वेगळे सांगावे लागत नाही. बाबासाहेबांचा निर्णय योग्यच होता.

१९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा जीविताच्या हक्काचा भाग मानला होता, पण त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे तो निकाल मोडीत काढला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना, असा हक्क आपल्या संविधानकर्त्यांनी दिलेला नाही, याची आठवण करून दिली.

१९५९ चा कायदा मुळातून वाचला तर गरिबाच्या बाजूने बरेच काही सांगतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही (कलम १४). पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, नाकारण्याचे कायदेशीर कारण नसेल तर, परवाना द्यावा असे कलम १३ सांगते. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम आणखी पुढे जातात: अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे परवाने रद्द करून बंदुका सरकारजमा कराव्यात आणि गरज भासल्यास या जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, अशी तरतूद त्यांत आहे. शस्त्रांवरच्या चर्चेत हा नियम क्वचितच कोणी काढतो, आणि याची खंत वाटते. कानपूरच्या आयुधनिर्माणीने २०१४ मध्ये खास महिलांसाठी ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. रात्रपाळीहून एकटी घरी येणाऱ्या बाईला ते कसे परवडावे?

कोकणात परवान्याची बंदूक म्हटली की डोळ्यांसमोर शेतकरीच येतो. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, दारू पेटवणारी केप बसवायची आणि एकच बार काढायचा. दुसरा बार भरेपर्यंत वानरे आंब्याच्या पुढच्या कलमावर गेलेली असतात. तो बारही बहुधा हवेतच काढावा लागतो, कारण पिकाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायचे तर वन खात्याची वेगळी परवानगी लागते. त्यात निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. लोकसभेचे मतदान नेमके एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आंबा-काजूच्या ऐन हंगामात येते. सरसकट सगळ्यांना नोटिसा न काढता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाची पार्श्वभूमी तपासून ठरवावे, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. ती पाळली गेली तर ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही अशा बागायतदाराची बंदूक हंगामभर त्याच्या मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपटातच, राहील.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्न-वरातीत बेफिकिरीने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कर्नाटकातील कोडगूच्या कोडवा लोकांना मात्र इंग्रजी अमदानीपासूनची परवान्यातली सूट आजही लागू आहे. ‘कैलपोळ्द’ या सणाला ते घरातल्या बंदुकांची पूजा करतात.