कौल (गोवा)

कौल लावणं किंवा प्रसाद घेणं म्हणजे घरातला, धंद्यातला नाहीतर गावातला अडलेला निर्णय देवापुढे ठेवून हो की नाही ते विचारायची पद्धत. फोंडा तालुक्यातल्या देवळांत ती ठळक दिसते. भट मूर्तीवरच्या ठरलेल्या जागांवर पाण्यात भिजवलेल्या कळ्या-पाकळ्या चिकटवतो, यजमानाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे गप्प उभे राहून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर साधारण होकार, डावी पडली तर नकार. कुठली जागा मोजायची ते मात्र देवस्थानागणिक बदलतं.

प्रथा कधीची यावर एकमत होणं कठीण. 1540 नंतर तिसवाडी तालुक्यात आणि 1567 च्या सुमाराला साष्टी तालुक्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, मंगेश कुशस्थळीहून (आजचं कुठ्ठाळी) प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली (दोन्ही गावं फोंडा तालुक्यातली), त्यामुळे कौलही स्थलांतरानंतर फोंड्यात रुजला असावा असं वाटू शकतं. पण जिथे पोर्तुगीज राज्य कधी रुजलं नाही त्या सिंधुदुर्गातही कौल लावतातच, तेव्हा प्रथा 16व्या शतकाआधीची आणि ग्रामदेवतांच्या पूजेतून आलेली असावी हे मानणं जास्त बरं. गांवकरीत, म्हणजे गोव्यातल्या जुन्या ग्रामसंस्थेत, निर्णय एकमतानं व्हायचे असं सांगतात, म्हणजे एकजण जरी अडून बसला तरी काम खोळंबणार, आणि अशा वेळी कोणाचीच हार न होता कोंडी फोडायला कौल उपयोगी पडत असणार, हा अर्थात तर्कच.

निर्णयशास्त्राच्या अंगानं बघितलं तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ओमर खय्याम मूर यांनी 1957 मध्ये कॅनडातल्या लॅब्राडोरच्या नास्कापी आदिवासी शिकाऱ्यांबद्दल मांडलेलं मत इथे आठवतं: भाजलेल्या हाडावरच्या तड्यांवरून दिशा ठरवली की शिकारी त्याच त्या रानात जात नाहीत, आणि जनावरं सावध होत नाहीत. गोव्यात हे फारसं लागू होत नाही, विकत घ्यायचा प्लॉट काय हरणासारखा सावध होत नाही! अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांचा 2021 मध्ये छापून आलेला, मोठ्या निर्णयावर अडलेल्या लोकांच्या नाणेफेकीचा अभ्यास जास्त जवळचा. त्यात बदल करायच्या बाजूनं नाणं पडलेले लोक बदल जास्त करताना आणि सहा महिन्यांनी जास्त समाधानी दिसले.

खरा फायदा मात्र पाकळी पडायच्या आधीच होतो असं वाटतं. ‘पोराचं काय करू’ हा प्रश्न देवापुढे चालत नाही, तो ‘ह्या जूनात पोराला तारवार (जहाजावरच्या नोकरीला) धाडू काय नको’ असा करून न्यावा लागतो, आणि तो तसा करायला एजंटची फी, कर्ज, घरी म्हाताऱ्यांकडे कोण बघणार हे सगळं आधी बोलून घ्यावं लागतं, तेही चार माणसांदेखत. मोठमोठ्या घरांतली निम्मी भांडणं ह्या तयारीतच मिटत असतील.

पर्याय तीन असले की घोळ होतो. एकेक करून विचारलं आणि पाकळी निव्वळ योगायोगानं पडते असं धरलं, तर पहिल्या पर्यायाला निम्मी संधी मिळते, उरलेल्या दोघांना पाव-पाव. म्हणजे पहिल्यांदा काय विचारायचं हे ठरवणारा माणूसच अर्धा निर्णय घेऊन मोकळा होतो, बहुतेक वेळा तो घरातला थोरला. कर्ज किती काढावं असल्या आकड्यांच्या प्रश्नाला कौल उपयोगाचा नाही.

उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न फिरवून विचारणं बरं मानत नाहीत, तरी लोक दुसऱ्या देवळात जाऊन विचारतातच.