प्रोटोटाइप पद्धत

नवी वस्तू, यंत्र किंवा सेवा पक्की करण्याआधी तिचा कामचलाऊ नमुना बनवायचा, तो वापरून पाहायचा, जिथे फसेल तिथे दुरुस्ती करून पुन्हा तपासायचा, ही विकासाची रीत. कागदावरचे रेखाटन, पुठ्ठ्याचा सांगाडा, अर्धवट चालणारे सॉफ्टवेअर, यांपैकी काहीही प्रोटोटाइप ठरू शकते. फक्त तो कोणत्या प्रश्नासाठी केला आहे हे आधी ठरलेले हवे. नाहीतर नमुना नुसता मोडतो, शिकवत काही नाही.

राइट बंधूंचे काम या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९०१ साली त्यांच्या ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानाच्या, पंखांना गणिताने येत होती त्यापेक्षा बरीच कमी उचल मिळाली. पंख आणखी मोठे करून पाहण्याऐवजी त्यांनी गणितच तपासायला घेतले. डेटन येथील आपल्या सायकलच्या दुकानात त्यांनी छोटे विंड टनेल, म्हणजे आतून वारा सोडून वस्तू तपासण्याची पेटी, उभारले. हॅकसॉची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून केलेल्या, उचल मोजणाऱ्या तराजूवर त्यांनी सुमारे २०० छोट्या पंखांचे आकार तपासले. ही मापे आणि ग्लायडरच्या उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर, अठराव्या शतकापासून चालत आलेला हवेच्या दाबाचा गुणांक (वाऱ्याच्या वेगावरून त्याचा दाब काढण्याचा आकडा) जवळजवळ दीडपट फुगलेला असल्याचे त्यांच्या लक्षात आले. नव्या आकड्यांवर बांधलेले १९०२ चे ग्लायडर अपेक्षेप्रमाणे उडाले. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाच्या विमानाने पहिल्या खेपेस १२ सेकंद उड्डाण केले.

नमुना किती लवकर दुरुस्त होतो, यावरही बरेच अवलंबून असते. माणसाच्या बळावर उडणाऱ्या विमानासाठी हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये बक्षीस जाहीर केले. अनेक गटांनी सुबक, नाजूक विमाने बांधली. पण एक आपटले की दुरुस्तीत महिने जात. पॉल मॅकक्रीडी यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि प्लॅस्टिकची पातळ फिल्म वापरून ‘गॉसमर काँडॉर’ बांधले. ते वारंवार मोडे, पण लगेच जोडताही येई. १९७७ मध्ये बक्षीस त्यालाच मिळाले.

‘लवकर फसा’ ही उद्योगजगताची लाडकी घोषणा मात्र बेतानेच घ्यावी. प्रवासी विमान, पूल किंवा औषध लोकांच्या हाती गेल्यावर फसून चालत नाही. शिवाय चाचणीही दिशाभूल करू शकते. ‘कॉमेट’ या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाच्या सांगाड्याचा एक भाग निर्मात्यांनी आधी आतल्या हवेच्या नेहमीच्या दुप्पट दाबाला तपासला आणि नंतर तोच भाग धातूच्या थकव्याच्या (पुन्हापुन्हा ताण पडून धातूला तडे जाण्याच्या) चाचणीला लावला. आधीच्या जादा दाबामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळचा धातू ताणला जाऊन थकव्याला सहजी दाद देईनासा झाला होता, त्यामुळे चाचणीत तो भाग प्रत्यक्षातल्या विमानांपेक्षा कितीतरी जास्त टिकला. १९५४ मध्ये दोन विमाने हवेत फुटल्यावर इंग्लंडमधील फार्नबरो येथे आख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हापुन्हा दाब भरण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणे धरून दाब भरण्या-सोडण्याच्या सुमारे ३,००० आवर्तनांनंतर ते खिडकीच्या कोपऱ्याशी फाटले.