कुकी पुसायची म्हणजे पुन्हा लिहायची

"सर, ते 'बाहेर पडा' काही बाहेर पडत नाही हो."

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन. वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने आणि फुकटात करून दिलेली, त्यामुळे तक्रारी हक्काने येतात. काउंटरशेजारच्या एकाच संगणकावर सभासद लॉगिन करतात, पुस्तक राखून ठेवतात आणि 'बाहेर पडा' दाबतात. 'आपण बाहेर पडला आहात, धन्यवाद' असं पानही येतं. पुढचा सभासद खुर्चीत बसतो, तर वर आधीच्याचंच नाव! त्या दिवशी कुणीतरी भलत्याच्याच नावावर दोन दिवाळी अंक राखून गेलं होतं आणि बोलणी बाईंना खावी लागली होती.

संध्याकाळी जाऊन कोड उघडला. कुकी (साइट आपल्या ब्राउझरकडे जपायला देते ती ओळखीची चिठ्ठी) काढून टाकणारी ओळ जागच्या जागी होती, पुस्तकात असते तशी. चूक सापडायला दोन तास गेले, आणि सापडली तेव्हा लक्षात आलं की एवढी वर्षं प्रोग्रामिंग शिकवूनही माझ्या डोक्यात एक गैरसमज ठाण मांडून बसला होता: सर्व्हर, म्हणजे साइट जिथून चालते तो संगणक, कुकी पुसू शकतो. नाही पुसू शकत. एखादी नेमकी कुकी पुसायची सोयच केलेली नाही.

सरकारी दवाखान्यातली ओपीडी आठवा. डॉक्टर दिवसाला शेकडो रोगी तपासतात, तुम्ही मागच्या मंगळवारी आला होतात हे त्यांच्या लक्षात असायचं कारण नाही. म्हणून केसपेपर असतो, आणि तो तुमच्याकडे असतो. दर खेपेला तो पुढे करायचा, डॉक्टर वाचणार, काही लिहायचं तर लिहिणार, तुम्ही घडी घालून घरी नेणार. वेबचा पाया असलेला एचटीटीपी हा नियमसंच असाच विसराळू आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर देतो, संबंध संपला. पुढच्या सेकंदाला तोच माणूस दुसरं पान मागायला आला तरी सर्व्हरच्या लेखी तो नवाच.

१९९४ साली ही अडचण नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांच्यापुढे आली. एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन दुकान उभारायचं चाललं होतं. गिऱ्हाइकाने टोपलीत काय काय टाकलंय हे आपल्या सर्व्हरवर साठवत बसायला ती कंपनी तयार नव्हती. मग ते गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवलं तर? युनिक्स या संगणकप्रणालीच्या जगात एका प्रोग्रामने दुसऱ्याला दिलेल्या आणि जशाच्या तशा परत करायच्या चिठ्ठीला 'मॅजिक कुकी' म्हणायची पद्धत होती. तेच नाव इथे आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी आवृत्तीत कुकी होती. सामान्य वाचकांना तिचा पत्ता लागला तो १९९६च्या फेब्रुवारीत, 'फायनान्शियल टाइम्स'ने बातमी दिल्यावर. आणि तेव्हापासून तिच्याभोवती संशय जो चिकटला तो आजतागायत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. सर्व्हर पानासोबत काही ओळी आधी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. आपल्याला त्या दिसत नाहीत, ब्राउझर वाचतो. त्यांत अशी एक ओळ असू शकते (असते इंग्रजीत, इथे मराठी अक्षरांत लिहितो):

सेट-कुकी: सभासद=२१७; पाथ=/; मॅक्स-एज=३१५३६०००

म्हणजे 'सभासद' नावाच्या चिठ्ठीवर २१७ लिही, साइटच्या सगळ्या पानांना दाखव आणि इतके सेकंद, म्हणजे ३६५ दिवस, जपून ठेव. (प्रत्यक्षात सभासद क्रमांक असा उघडा लिहायचा नसतो, तिथे कुणाला अंदाज येणार नाही अशी लांबलचक अक्षरमाळ असते आणि ती कुणाची हे सर्व्हर आपल्या वहीत बघतो.) पुढच्या खेपेला ब्राउझर परत काय पाठवतो? फक्त हे:

कुकी: सभासद=२१७

बस्स. पाथ नाही, मुदत नाही. चिठ्ठी कुठल्या पत्त्यासाठी लिहिली होती आणि कधी संपणार हे ब्राउझरच्या घरात राहतं. सर्व्हरला नाव आणि किंमत एवढंच कळतं. ही एकतर्फी माहिती लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ हिच्यातून निघतो.

आणि पुसण्याचं काय? 'सेट-कुकी' आहे, 'डिलीट-कुकी' नावाचं हेडर नाही. डॉक्टर तुमच्या घरी येऊन कपाटातला केसपेपर फाडू शकत नाहीत. फार तर त्याच नावाचा दुसरा कागद लिहून देतील, 'याची मुदत संपली आहे' असा. कुकी अशीच जाते. त्याच नावाची कुकी पुन्हा लिहायची आणि मुदत मागच्या तारखेची टाकायची. ब्राउझर जुनीच्या जागी नवी ठेवतो, बघतो तर ही कधीचीच संपलेली, मग टाकून देतो.

पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत रिकाम्या किमतीची कुकी पाठवायला सांगितली, तर ती भाषा स्वतःहून 'डिलीटेड' अशी किंमत आणि १ जानेवारी १९७०, ग्रीनिचचे ००:००:०१ अशी मुदत लिहून पाठवते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजून एक सेकंद झाला होता. युनिक्सचं घड्याळ त्या दिवसाच्या मध्यरात्री शून्यापासून सुरू होतं, त्यातला हा पहिला सेकंद. इतकं मागे का जायचं? बरेच जण हाताने हेडर लिहिताना 'आत्तापेक्षा एक तास मागे' अशी वेळ देतात. पण मुदत संपली की नाही हे ठरवायचं ब्राउझरने, तुमच्या संगणकाच्या घड्याळावर. घड्याळ दोन तास मागे असेल तर तासाभरापूर्वी मेलेली कुकी त्याच्या लेखी अजून एक तास जगणार! मॅक्स-एजमध्ये तारीखच नसते, 'शून्य सेकंद ठेव' एवढंच सांगायचं असतं, म्हणून हल्ली पीएचपी दोन्ही पाठवते.

आता 'त्याच नावाची' हे मी अर्धवट सांगितलं. ब्राउझर कुकी ओळखतो ती तीन गोष्टींवरून: नाव, डोमेन (साइटचा पत्ता) आणि पाथ (साइटचा कुठला भाग). तिन्ही तंतोतंत जुळल्या तर ती जुनी कुकी, एक जरी वेगळी असली तर ती नवीच. '/सभासद' आणि '/सभासद/' यांतला शेवटच्या तिरक्या रेघेचा फरकसुद्धा दोन वेगळ्या कुक्या करायला पुरतो. आणि पाथ लिहिलाच नाही तर? मग ज्या पानाने कुकी लिहिली त्या पानाचा फोल्डर हाच पाथ धरला जातो.

इथेच मी फसलो होतो. लॉगिनचं पान '/सभासद' या फोल्डरात, 'बाहेर पडा'चं पान बाहेर मुळाशी, आणि पाथ मी कुठेच लिहिलेला नाही. लॉगिनने कुकी लिहिली '/सभासद' या पाथसाठी. 'बाहेर पडा'ने रद्द केली ती '/' या पाथची, जी कधी जन्मालाच आली नव्हती. नसलेली कुकी रद्द करा म्हटल्यावर ब्राउझर तक्रार करत नाही. सर्व्हरलाही काही कळत नाही. 'धन्यवाद' छापून सगळे मोकळे.

मी लॉगिनच्या ओळीत 'पाथ=/' लिहिलं आणि समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा पुन्हा फोन, आवाज जरा वरच्या पट्टीत: आता नव्याने लॉगिन केलं तरी कालच्याच माणसाचं नाव येतंय! कारण जुनी कुकी अजून ब्राउझरच्या घरात होतीच, वर्षभराची मुदत घेऊन. '/सभासद'मधल्या पानांना ब्राउझर आता 'सभासद' नावाच्या दोन-दोन कुक्या दाखवत होता. २०११चा आरएफसी ६२६५ हा नियमांचा दस्तऐवज म्हणतो की लांब पाथची कुकी आधी पाठवावी. पीएचपी एकाच नावाच्या दोन आल्या तर पहिली घेते, दुसरी सोडून देते. म्हणजे जुनीचंच राज्य. आणि सर्व्हरला पाथ दिसत नसल्यामुळे यांतली कुठली कुठली, हे विचारायचीही सोय नाही.

आणखी एक गंमत, पीएचपी करणाऱ्यांसाठी (बाकीच्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा). कुकी हेडरमध्ये जाते, म्हणून पानाचा पहिला बाइट निघण्याआधी ती पाठवायला हवी. पाकीट पेटीत पडल्यावर त्यावर पत्ता लिहिता येत नाही. 'हेडर आधीच गेलेत' ही चूक यातून येते. मराठीत साइट करणाऱ्यांना तिचा प्रसाद जरा जास्तच मिळाला. देवनागरी मजकूर टिकावा म्हणून नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-८ म्हणून जतन केली की जुनं नोटपॅड तिच्या डोक्यावर तीन अदृश्य बाइट ठेवून द्यायचं. स्क्रीनवर काही दिसत नाही, पण ते तीन बाइट पानाच्या आधी निघून जातात आणि कुकीची गाडी चुकते. २०१९पासून विंडोज १०च्या नोटपॅडने ही खोड सोडली. कुकीत थेट देवनागरी ठेवायचीही सोय नाही. पीएचपी प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं करून पाठवते. 'पुणे' या शब्दाची छत्तीस होतात. आणि कुकी रद्द केल्यावर लगेच त्याच पानात ती छापून बघू नका, ती तशीच दिसेल. डॉक्टरांच्या हातात अजून तुम्ही आत येताना दिलेलाच कागद आहे. नवा पुढच्या खेपेला येणार.

हे लिहायला बसलो तेव्हाच आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: रोज झोपण्यापूर्वी कुकीज साफ करा, नाहीतर हॅकर त्यांत लपून बसतो आणि मोबाईलही तापतो. खाली सतरा हात जोडलेले. कुकी हा प्रोग्राम नाही, चार केबीच्या आसपासची मजकुराची चिठ्ठी आहे. तिच्यात कुणी लपत नाही आणि तिने मोबाईल तापत नाही. जाहिरातवाले तिसऱ्याच साइटच्या कुकीने तुमचा माग काढतात हे मात्र खरं. सफारीने २०२०पासून त्या सरसकट अडवल्या, क्रोमने अडवायचं जाहीर करून वर्षानुवर्षं पुढे ढकललं आणि शेवटी बेत गुंडाळला.

पण त्या फॉरवर्डमधली खरी चूक वेगळीच आहे. साफ केलं म्हणजे सुटलो, हे तिचं गृहीत. तुम्ही कुकी पुसलीत तर तुमच्याकडचा कागद गेला. सर्व्हरच्या वहीतली नोंद चालूच असते. कुणी आधीच त्या चिठ्ठीची नक्कल करून ठेवली असेल तर त्याची नक्कल अजून चालते. आधी रीतसर लॉगआउट करावं, शंका असेल तर 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करावं, साफसफाई नंतर. अर्थात लॉगआउटचं बटण लिहिणाऱ्याने वहीतली नोंदही खोडायला हवी. मी ती खोडत नव्हतो. काउंटरवरचा घोळ माझा दुहेरी होता.

शेवटी 'बाहेर पडा'मध्ये रद्द करायच्या दोन ओळी घातल्या, एक '/' साठी आणि एक '/सभासद' साठी. तीच दुसरी ओळ लॉगिनच्या पानातही घातली, आणि वहीतली नोंद खोडली. काउंटरवरचा संगणक त्याच दिवशी सरळ झाला. पण घरून लॉगिन केलेल्या सभासदांच्या ब्राउझरांत त्या जुन्या कुक्या किती उरल्यात हे मला इथून बघता येत नाही. ज्याचा त्याचा माणूस साइटवर येईल तेव्हाच त्याची रद्द होणार. शेवटच्या कुकीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे वर्षभर, ओळ ठेवणं भाग होतं. त्यालाही आता आठ महिने उलटून गेले. मध्यंतरी बाईंनी विचारलं, "सर, ती जादाची ओळ काढली का?" म्हटलं, राहू दे बाई. कुणाच्या तरी संगणकाचं घड्याळ मागे असेल.