भयकथेतलं प्रेम: पैठणच्या वेताळापासून शेवंतापर्यंत

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत आता 'डार्क रोमान्स' आणि 'डार्क फँटसी' अशा पाट्यांची कपाटं दिसतात. शापित राजपुत्र, रक्तपिपासू प्रियकर, मेलेल्या माणसावर जीव जडलेली मुलगी. कॉलेजातली मुलं ही पुस्तकं झपाटल्यासारखी वाचतात आणि घरातली मोठी माणसं विचारतात, हे कुठलं परदेशी वेड? ही शंका मला पटत नाही. भय आणि प्रीती एका गोष्टीत नांदवण्याची रीत आपल्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिचा एक उगम तर थेट गोदावरीकाठी, पैठणला सापडतो.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आख्यायिका अशी: राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याचा मारा सोसेना म्हणून एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः ताडय'. म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नकोस. राजाला संस्कृत येत नव्हतं. त्याने मोदक मागवले. सगळ्यांसमोर हसं झालं आणि राजाने अंथरूण धरलं. त्याला संस्कृत शिकवायला किती दिवस लागतील, यावरून दरबारात पैज लागली. गुणाढ्य नावाचा मंत्री म्हणाला सहा वर्षं, दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. गुणाढ्य पैज हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. मुका होऊन तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे पिशाचांची भाषा, पैशाची, त्याच्या कानावर पडली. काणभूती नावाच्या शापित पिशाचाने त्याला जी कथा सांगितली ती त्याने त्याच भाषेत लिहून काढली. सात वर्षांत सात लाख श्लोक झाले. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिले.

शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला तेव्हा राजाने नाक मुरडलं. पिशाचांची भाषा, वर रक्ताची अक्षरं! गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान तो मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. भोवती हरणं, डुकरं, रेडे गोळा झाले. चरणं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ती ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटात येणारं मांस सुकं पडलं, राजा आजारी झाला, शिकाऱ्यांनी कारण सांगितलं आणि राजा धावत अरण्यात पोचला. तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. वाचलेल्या एका लाखात राजपुत्र नरवाहनदत्ताची कथा होती आणि ती आहे प्रेमांची, विद्याधरांच्या मायानगरींची, हरवलेल्या आणि पळवलेल्या प्रियांची. पिशाचाच्या तोंडची, रक्ताने लिहिलेली प्रेमकथा. याहून 'डार्क' काय असणार?

गुणाढ्याची मूळ 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी संस्कृतात रचलेल्या 'कथासरित्सागरा'तून आपण तिला ओळखतो. त्यातच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. लहानपणापासून आपण त्या उज्जैनच्या विक्रमाच्या म्हणून ऐकल्या. सोमदेवाच्या पाठात मात्र राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात आहे. म्हणजे ते स्मशान, शिंशपावृक्षाला लटकलेलं ते प्रेत आणि ते खांद्यावर टाकून अंधारात चालणारा तो राजा, हे सगळं पैठणचं.

या गोष्टींपैकी एक इथे सांगायलाच हवी. मंदारवती नावाच्या मुलीवर तीन तरुण भाळतात. एकाशी लग्न केलं तर उरलेले दोघे मरतील, म्हणून बाप निर्णय घेत नाही, आणि तापाने मुलगीच जाते. पहिला तिच्या चितेच्या राखेवर झोपडी बांधून राखेतच निजू लागतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो. एका घरी संतापलेली आई रडणारं पोर चुलीत टाकते आणि घरचा धनी मंत्राने ते पुन्हा जिवंत करतो, हे तो पाहतो. ती मंत्राची पोथी चोरून तो स्मशानात परत येतो. मुलगी उठते. आता ती कोणाची? राजाचं उत्तर असं, की जीव देणारा बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला. जो तिची राख कवटाळून निजला तोच नवरा. चितेच्या राखेत निजणं ही इथे विकृती नाही, ती निष्ठेची कसोटी आहे. आजच्या कुठल्याही गडद प्रेमकथेने मागावा तेवढा अंधार या दोन पानांत आहे आणि त्यात एकही शब्द धक्का देण्यासाठी घातलेला नाही.

वेताळ कोणाला चावत नाही, तो प्रश्न विचारतो. हे इंग्रजीत हरवलं. रिचर्ड बर्टनने १८७० साली या गोष्टींचा स्वैर अवतार इंग्रजीत आणला तेव्हा शीर्षकात वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. बर्टनला ओळखणाऱ्यांत ब्रॅम स्टोकर होता. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा चमके, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे. स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला १८९७ साली. वेताळापासून ड्रॅक्युलापर्यंत सरळ रेघ ओढावी असं मी म्हणणार नाही. त्या रक्तपिपासू उमरावाचे पूर्वज युरोपात वेगळे होते. पण नावाच्या त्या एका अदलाबदलीने आपल्या वाचकाचंही नुकसान झालं. वेताळ म्हणजे भूत आणि भूत म्हणजे मानगुटीवर बसणारं, एवढंच डोक्यात राहिलं. कोकणात तो अजून राखणदार आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे.

कोकणच्या भुतांची एक मोठी छापील नोंद झाली त्यामागची हकीकतही विलक्षण आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींची माहिती जमवत होता. प्रश्नावल्या गावोगाव गेल्या आणि उत्तरं लिहून पाठवली ती शाळामास्तरांनी. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याच्या मागे राहिलेले कागद एन्थोवेन या अधिकाऱ्याने संपादित केले आणि कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. मुंजा, समंध, जखीण, हडळ, अळवंतीण, गिऱ्हा, देवचार, खवीस या सगळ्यांची वर्णनं त्या मास्तरांमुळे कागदावर आली.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. सवाष्ण मेली ती जखीण, जी नवऱ्याला आणि सवतीला सोडत नाही. बाळंतपणात गेली ती अळवंतीण किंवा हडळ. निपुत्रिक, धनावर जीव अडकलेला तो समंध. गावागणिक तपशील बदलतात, पण जवळजवळ प्रत्येक भूत म्हणजे एक तुटलेलं नातं आहे. न झालेलं लग्न, न वाढलेलं मूल, अर्धा राहिलेला संसार. मराठी भुताची भूक रक्ताची क्वचितच असते. त्याला घर हवं असतं. यातल्या बायकांकडे पाहिलं की मला भीतीपेक्षा वाईट अधिक वाटतं. बाळंतपणात किती मरत असतील, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र नावं घडली.

छापखाना आल्यावर गोष्टीने वेगळं वळण घेतलं. 'वेताळ पंचविशी' मराठी गद्यात आली, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी पुऱ्या होण्यास हातभार लावलेल्या अरबी गोष्टी आल्या, आणि मग अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट उसळली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. तळघरं, कारस्थानं, ताटातुटी, 'मंजुघोषे'त तर राजकन्येकडे विमानातून जाणारा नायक! लोकांनी या कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या आणि विद्वानांनी कपाळाला हात लावला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटकावर निबंध लिहून या अतिरंजित लेखनाला फटकारलं. पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची वाट रुंद केली. त्याचा अभिमान आहेच. पण त्याच काळात एक पंक्तिभेदही सुरू झाला. वास्तव ओसरीवर बसलं आणि अद्भुत मागच्या दारी गेलं. गो. ना. दातारांच्या, इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सवर बेतलेल्या, गुहा आणि मूर्तींच्या रहस्यांनी भरलेल्या कादंबऱ्या पिढ्यांनी वाचल्या, तरी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांच्या वाट्याला फारशी जागा आली नाही.

मागच्या दारी गेलेल्या अद्भुताला पाट मांडून दिला तो मासिकांनी. १९४६ साली 'हंस' सुरू करणाऱ्या अनंत अंतरकरांनी 'नवल' हे मासिक गूढ, अद्भुत आणि चमत्कारिक कथांना वाहिलं. दिवाळी अंकात एखादी तरी भयकथा हवीच, अशी वाचकाची मागणी याच दशकांत रुजली.

त्यानंतरची दोन नावं घरोघर पोचली. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तकं विकत घेणारे कमी, वाचनालयातून आणणारे अफाट. खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं, कोपरे गुळगुळीत झालेलं पुस्तक, आणि ऐन शेवटाची चार पानं कोणीतरी फाडून नेलेली. माझ्या वाट्याला अशी एक प्रत आली होती आणि शेवट मी शेजारच्या काकूंकडून ऐकला. त्यांनी तो स्वयंपाकघरात कणीक मळत सांगितला, म्हणून जास्तच अंगावर आला. धारपांनी स्टीफन किंगपासून बरंच घेतलं. 'लुचाई'मागे किंगची १९७५ ची कादंबरी आहे, 'आजी' या कथेमागे त्याचीच एक कथा. पण ती भीती त्यांनी मराठी मध्यमवर्गीय घरात अशी आणून बसवली, की वाडा, माजघर, कंदील, मदतीला येणारे 'समर्थ' हे त्यांचं पात्र, यात परकं काही उरलं नाही. प्रेम मात्र धारपांकडे बेताचंच. त्यांची माणसं कुटुंब वाचवायला धडपडतात, प्रियेसाठी नरकात उतरत नाहीत.

ते उतरणं रत्नाकर मतकरींकडे आहे. बँकेतली नोकरी, बालनाट्य, रंगभूमी हे सगळं सांभाळत त्यांनी आयुष्यभर कथा लिहिल्या आणि त्यांना नाव दिलं 'गूढकथा'. नावातला हा फरक महत्त्वाचा आहे. त्यांच्याकडे भूत दारातून येत नाही, ते माणसाच्या हव्यासातून, मत्सरातून, एकटेपणातून आणि बरेचदा प्रेमातून वर येतं. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'गहिरे पाणी' ही पुस्तकं ज्यांनी किशोरवयात वाचली, त्यांना आजचा 'डार्क रोमान्स' वाचताना ओळखीचं काहीतरी जाणवल्याशिवाय राहणार नाही. मे २०२० मध्ये करोनाने मतकरी गेले.

या दोघांच्या बाजूला चिं. त्र्यं. खानोलकरांना बसवायला समीक्षक कचरतात, पण मला तेच या परंपरेचे सर्वांत खोल लेखक वाटतात. 'रात्र काळी घागर काळी' या कादंबरीत बाईचं सौंदर्यच शापासारखं भोवतालच्यांना ओढत नेतं. शीर्षक आलं आहे विष्णुदास नाम्याच्या गौळणीतून. रात्र काळी, घागर काळी, यमुनाजळही काळं. कृष्णाच्या ओढीने सगळं काळं होत जाणारी ती गवळण शेकडो वर्षं आपण मांडीवर ताल धरून गात आलो. काळोख आणि प्रीती इतक्या सहज आपल्या जिभेवर आहेत.

म्हणूनच २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेच्या यशाचं मला नवल वाटलं नाही. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या या गोष्टीत पहिल्या भागात भीती पुढे होती. २०१९ च्या दुसऱ्या भागात अण्णा नाईक आणि शेवंता यांचं नातं पुढे आलं आणि प्रेक्षक त्या दोघांत अडकले. अण्णा क्रूर आहे हे ठाऊक असून लोक त्या जोडीची वाट पाहत. तिसऱ्या भागात शेवंता भूत होऊन वाड्यात परतली. जखिणीची जुनी नोंद आणि नवी टीव्ही मालिका इथे एकाच दाराशी येऊन उभ्या राहतात.

धारपांची 'आजी' तर आणखी लांब गेली. राही अनिल बर्वे हा मुलगा १९९३ साली सुट्टीत नागझिऱ्याच्या अभयारण्यात गेला होता. तिथे एका मित्राने त्याला धारपांची ती कथा तोंडी सांगितली आणि तो प्रचंड घाबरला. १९९७ साली त्याने त्यावरून पहिला खर्डा लिहिला. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीतून गावाचं नाव उचललं. 'तुंबाड' हा त्याचा चित्रपट पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. पडद्यावरची ती साखळदंडांनी बांधलेली, झोपेतून उठू नये म्हणून जपावी लागणारी म्हातारी रानातल्या एका रात्री ऐकलेल्या गोष्टीतून आली आहे.