चिकट तांदूळ (आग्नेय आशियातील)

शिजल्यावर दाण्याला दाणा घट्ट धरून राहणारा तांदूळ. कच्चा दाणा दुधी, अपारदर्शक. काही वाण काळे-जांभळे. स्टार्चमधील अमायलोज हा घटक यात जवळजवळ नसतो, उरतो तो अमायलोपेक्टिन, चिकटपणा त्याचाच. ग्लूटेनशी त्याचा संबंध नाही. आपला आंबेमोहरही मऊ, चिकटसर शिजतो, पण तो या गटातला नव्हे.

हा तांदूळ आधणात वैरत नाहीत. तसे केले तर त्याची खळ होते. तो रात्रभर भिजवून, निथळून, बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात. लाओस आणि थायलंडचा ईशान्येकडील इसान प्रदेश येथे हेच रोजचे जेवण. तिथे त्याला ‘खाओ निआओ’ म्हणतात. वाफवलेला भात उलटसुलट करून त्यातली जादा वाफ घालवतात आणि झाकणाच्या विणलेल्या टोपलीत भरतात, म्हणजे तो मऊ राहतो. जेवताना चिमूटभर भात बोटांनी दाबून त्याची गोळी करायची आणि ‘चेओ’ या झणझणीत चटणीत बुडवायची. भात इथे पोळीच्या तुकड्याचे काम करतो. चमचा लागत नाही. लाओसमधील लुआंग प्राबांग शहरात पहाटे रांगेने येणाऱ्या भिक्षूंच्या पात्रातही हाच भात पडतो. लाओ लोक स्वतःला ‘चिकट भाताची लेकरे’ म्हणवतात, इतके हे अन्न त्यांच्या ओळखीचा भाग आहे.

इतरत्र तो मुख्यतः न्याहारीचा, गोडाचा आणि सणाचा. व्हिएतनामी लोक ‘सोय’ या नावाने तो मूगडाळ किंवा शेंगदाणे घालून सकाळी खातात. तेत या नववर्षाला मूगडाळ व डुकराचे मांस आत भरून, पानांत चौकोनी बांधलेला ‘बान्ह चुंग’ कित्येक तास उकळत ठेवतात. दक्षिणेत त्याचाच लांबट ‘बान्ह तेत’ होतो. मलेशियात ईदसाठी केळीचे पान लावलेल्या बांबूच्या नळीत तांदूळ व नारळाचे दूध भरून विस्तवाशेजारी ‘लेमांग’ भाजतात. थायलंडचा आंबा-भात करताना गरम भातावर साखर-मीठ घातलेले नारळाचे दूध ओतून तो मुरवतात. त्यातले मीठ वगळू नये, सारी चव त्यावर उभी आहे. इंडोनेशियात भात खमीर लावून आंबवतात. तो गोड-आंबट, किंचित मादक ‘तापे केतान’.

आसाममध्येही ‘बोरा’ या चिकट तांदळाचा भात बांबूच्या नळीत भाजतात. माघ बिहूला तो दह्या-गुळाबरोबर खातात.