अष्टपैलू कोण आणि ‘दोन्हीकडे थोडं थोडं’वाला कोण

एखाद्याने तीस धावा केल्या आणि दोन विकेट काढल्या, की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘अष्टपैलू कामगिरी’ हे शब्द ठरलेले. तिथवर ठीक आहे, कामगिरी त्या दिवसापुरती अष्टपैलू होतीच. पण आठवड्याभरात त्याच माणसाच्या नावामागे ‘अष्टपैलू’ कायमचं चिकटतं आणि मग त्याची तुलना थेट कपिलशी सुरू होते. घोटाळा इथेच आहे.

बॅटिंगची सरासरी जास्त हवी, बोलिंगची (म्हणजे एका विकेटमागे दिलेल्या धावा) कमी हवी, हे वाचणाऱ्याला माहीत आहे. बोलिंग ऑलराउंडर आणि बॅटिंग ऑलराउंडर यांतला फरकही नावातच कळतो. त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

खरी गफलत वजाबाकीत होते. बॅटिंगच्या सरासरीतून बोलिंगची सरासरी वजा करायची आणि उत्तर जितकं मोठं तितका ऑलराउंडर मोठा, असा हिशेब सर्रास मांडला जातो. वेस्ट इंडिजचा गॅरी सोबर्स 57.78 आणि 34.03, पाकिस्तानचा इम्रान खान 37.69 आणि 22.81. उत्तरं झकास येतात, म्हणून पद्धतीवर विश्वास बसतो. आता तीच वजाबाकी आपल्याकडे लावा. पॉली उम्रीगर 42.22 वजा 42.08, म्हणजे शून्याच्या किंचित वर. विनू मंकड 31.47 वजा 32.32, म्हणजे शून्याच्या खाली. झालं, उम्रीगर मंकडपेक्षा सरस ऑलराउंडर ठरले! हे स्वतः उम्रीगरांनीही मान्य केलं नसतं.

चुकतं कुठे? सरासरी कामाचा दर्जा सांगते, काम किती केलं ते सांगत नाही. उम्रीगरांनी 59 कसोटींत 35 विकेट घेतल्या, मंकडनी 44 कसोटींत 162. ओव्हर मोजल्या तर चित्र आणखी स्पष्ट होतं: उम्रीगर एका कसोटीत सरासरी 13 ओव्हर टाकत, मंकड सुमारे 55. तेरा ओव्हर म्हणजे मुख्य बोलरला दम खायला दिलेला वेळ. पंचावन्न ओव्हर म्हणजे मुख्य बोलरच. उम्रीगर फार मोठे बॅट्समन होते. 1962 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी 56 आणि नाबाद 172 धावा केल्या, शिवाय 107 धावांत 5 विकेट घेतल्या. पण अशी एक कसोटी म्हणजे कारकीर्द नव्हे.

मंकडच्या बाबतीत 1952 ची लॉर्ड्स कसोटी सगळे सांगतात, तरी ती नीट वाचली जात नाही. पहिल्या डावात सलामीला येऊन 72. मग इंग्लंडच्या डावात 73 ओव्हर, 196 धावांत 5 विकेट. आणि एवढं राबून झाल्यावर लगेच पुन्हा सलामीला उभं राहून 184. भारत आठ विकेटनी हरला, ते सोडा. बघायचं ते हे की भारताला सलामीचा बॅट्समन आणि पहिल्या क्रमांकाचा स्पिनर एकाच माणसात मिळाला. (आणि जगाने नाव लक्षात ठेवलं ते नॉन-स्ट्रायकरला रनआउट करण्यासाठी. असो.)

म्हणून निकष एकच लावावा: या माणसामुळे संघात एक जागा मोकळी होते का? कसोटीत दिवसाला 90 ओव्हर टाकायच्या असतात. चार बोलर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बावीस-तेवीस. उकाड्यात, सपाट खेळपट्टीवर, दुसऱ्या दिवशी चहापानानंतर चौघांचेही खांदे पडतात. पाचवा बोलर घ्यायचा तर एक बॅट्समन कमी करावा लागतो. सातव्या नंबरवर कपिल असेल तर ही अडचण उरत नाही. 131 कसोटी, 5248 धावा, 434 विकेट. त्याची वजाबाकी जेमतेम दीडच्या आत येते, म्हणून त्याला इम्रानच्या खाली ढकलणारे भेटतात. सरासरीत इम्रान सरस आहेच, त्यात वाद नाही. पण निम्म्याहून जास्त काळ दुसऱ्या टोकाला धड वेगवान बोलर नसताना कपिलने केवढा भार वाहिला, ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आयपीएलने 2023 मध्ये इम्पॅक्ट प्लेयर (सामन्यात अकरातल्या एकाच्या जागी बारावा खेळाडू उतरवायची मुभा) आणला, तेव्हा हाच फायदा नियमाने वाटून टाकला. बारावा माणूस मिळतोय म्हटल्यावर ऑलराउंडरला बोलिंग द्यायची गरज कुणाला? शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांना बोलिंगच मिळत नाही, ही रोहित शर्माची 2024 मधली तक्रार अगदी रास्त होती.

‘थोडं थोडं’वाला मात्र टाकाऊ नसतो. एकदिवसीय सामन्यात तो सोन्याचा, कारण तिथे बोलरला ओव्हरची मर्यादा असते आणि पाचव्याचा कोटा दोघांनी मिळून भागवला तरी चालतो. 1983 च्या विश्वचषकाची इंग्लंडविरुद्धची उपांत्य फेरी, ओल्ड ट्रॅफर्ड. तेव्हा डाव 60 ओव्हरचा, एका बोलरला जास्तीत जास्त 12. मोहिंदर अमरनाथ आणि कीर्ती आझाद यांनी आपापल्या बाराच्या बारा टाकल्या. दोघांच्या मिळून 24 ओव्हर, 55 धावा, 3 विकेट. गॉवर आणि गॅटिंग अमरनाथने काढले, खाली राहिलेल्या चेंडूवर बोथमचा त्रिफळा आझादने उडवला. संथ, खाली बसणाऱ्या खेळपट्टीवर वेग नसणं हेच भांडवल ठरलं. हीच जोडी कसोटीत दिवसभर लावली असती तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅप्टनने डोक्याला हात लावला असता.

‘हजार धावा, शंभर विकेट’ हा टप्पाही फसवा आहे. एकदिवसीय क्रिकेटमध्ये अजित आगरकरच्या 1269 धावा आहेत आणि 288 विकेट. बॅटिंगची सरासरी 14.58. लॉर्ड्सचं 2002 चं नाबाद कसोटी शतक कुणी हिरावून घेत नाही, पण आगरकर विकेट काढणारा बोलर होता आणि तेवढ्यासाठीच संघात होता. अश्विनचंही तेच: सहा कसोटी शतकं असूनही त्याची निवड 537 विकेटसाठीच होत राहिली. ‘बॅटिंग करणारा बोलर’ म्हणण्यात कमीपणा कसला?

कारकिर्दीचा एकच आकडा काळाचे तुकडेही झाकतो. रवी शास्त्री 1981 मध्ये वेलिंग्टनला दहाव्या नंबरवर खेळायला आला तो डावखुरा स्पिनर म्हणून. 1992 मध्ये सिडनीला त्याने 206 केल्या त्या सलामीला येऊन. एकूण 3830 धावा आणि 151 विकेट एका ओळीत छापल्या की दोन्ही कामं सतत बरोबरीने चालली असं वाटतं. तसं नव्हतं. आपल्या पुण्याच्या चंदू बोर्ड्यांचंही असंच. खांदा दुखावला आणि लेगस्पिन जवळजवळ थांबला, पुढचे बोर्डे निव्वळ बॅट्समन. 55 कसोटींत 52 विकेट हा आकडा म्हणजे दोन वेगवेगळ्या खेळाडूंची बेरीज आहे.

आणि नाशिकचे बापू नाडकर्णी? 1964 मधल्या मद्रास कसोटीच्या लागोपाठ 21 निर्धाव ओव्हर सगळ्यांना पाठ असतात: 32 ओव्हर, 27 निर्धाव, 5 धावा. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद 52 आणि नाबाद 122 केल्या, ते किती जणांना आठवतं? 41 कसोटी, 1414 धावा, 88 विकेट. बॅटिंगची सरासरी 25.70, बोलिंगची 29.07. वजाबाकी उणे येते. तरीही त्यांना बेधडक अष्टपैलू म्हणावं. एक टोक ते दिवसभर बांधून ठेवत, त्यामुळे दुसऱ्या टोकाला कॅप्टनला स्पिनरकडून चेंडूला उंची देऊन, थोड्या धावा गेल्या तरी विकेट विकत घेता येत.